पाऊण वाटा



गेली चाळीस वर्षे मी कीर्तनात द्रौपदीचा दृष्टांत लावीत आलो आहे. तो लागला म्हणजे मंडपात डोळे कोरडे राहत नाहीत, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. द्रौपदी धावा करते, भगवंत वस्त्रे पुरवितो, टाळकरी उड्या घेऊ लागतात, गजर होतो, आणि आपण सगळे एका मोठ्या संकटातून सुटल्यासारखे मोकळ्या मनाने घरी जातो. कथेतले दोन जण आपण मनाशी घेऊन जातो, एक देव आणि एक दुःशासन. देव आपला, दुःशासन दुसरा कोणी तरी. पण त्या सभेत बाकीचे जे शेकडो लोक बसले होते त्यांचे काय? त्यांची गोष्ट मी या चाळीस वर्षांत फारशी सांगितली नाही. का सांगितली नाही, तेही पुढे सांगणार आहे. आधी व्यासांनी काय लिहून ठेवले आहे ते पाहू.

सभापर्वात द्रौपदी प्रश्न विचारते आणि सभा गप्प बसते. भीष्मांसारखा ज्ञानी, धर्माची गती फार सूक्ष्म आहे, मला निर्णय करवत नाही, असे म्हणून बाजूला होतो. त्या वेळी विदुर उठतो आणि प्रल्हादाची एक जुनी कथा सांगतो. प्रल्हादाचा पुत्र विरोचन आणि सुधन्वा नावाचा ब्राह्मण यांच्यात वाद लागला व निवाडा प्रल्हादाकडे आला. एका बाजूला पोटचा मुलगा, दुसऱ्या बाजूला न्याय. तेव्हा प्रल्हादाने कश्यपांना विचारले, समजून उमजून जो उत्तर देत नाही त्याला काय मिळते? कश्यपांनी जे सांगितले त्याचा भाव असा : निंद्य कर्म घडत असता जिथे त्याची कोणी निंदा करीत नाही, तिथे पापाचा अर्धा भाग सभेच्या मुख्याकडे जातो, पाव भाग करणाऱ्याकडे जातो आणि उरलेला पाव गप्प बसलेल्या सभासदांकडे जातो.

हा हिशेब बोटांवर मोजून बघा, महाराज. करणाऱ्याला पाव, आणि न करणाऱ्यांना मिळून पाऊण! पाठशाळेत हे प्रकरण प्रथम वाचले तेव्हा लेखकाची काही तरी चूक असावी असे मला वाटले होते. आमचे गुरुजी म्हणाले, "चूक नाही. पुढे वाच." पुढे असे आहे की निंद्याची जिथे निंदा होते तिथे मुख्य मोकळा होतो, सभासद मोकळे होतात आणि सगळे पाप करणाऱ्याच्या पदरात पडते. नुसत्या बोलण्याने वाटणी बदलते. द्रौपदीचे दुःख त्याने टळेलच असे तिथे म्हटलेले नाही.

त्याच सभेत एक जण बोलला. तो विकर्ण, शंभर कौरवांतलाच एक, वयाने लहान. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला आणि मग त्याने द्रौपदीला पणाला लावले, ती काही त्या एकट्याची नव्हे, म्हणून ती जिंकली गेली असे मी मानीत नाही, असे तो उभा राहून म्हणाला. आता इथे एक बारीक गोष्ट आहे, ती नीट ऐका. विकर्ण बोलला मात्र, आणि सभेत मोठा घोष उठला. लोकांनी विकर्णाची वाहवा केली, शकुनीची निंदा केली. म्हणजे सभासदांच्या मनात ते होतेच! इतका वेळ प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता. मग कर्ण उठला, विकर्णाला पोर ठरवून त्याने गप्प केले, आणि विकर्णाच्या पाठीशी दुसरा कोणी उभा राहिला नाही. घोष विरला. दुःशासन पुढे झाला. दुसरा विकर्ण उठता, तिसरा उठता, तर काय झाले असते हे सांगता येत नाही; पण पहिल्यापेक्षा दुसऱ्या माणसाची वाण जास्त पडते, हे मात्र त्या प्रसंगात दिसते.

एका सप्ताहात ही कथा सांगून मी खाली उतरलो, तर मानसशास्त्र शिकविणारे एक प्राध्यापक भेटायला आले. ते म्हणाले, "महाराज, व्यासांनी जे लिहिले ते अमेरिकेत प्रयोग करून पाहिले आहे." मी म्हटले, सांगा. लाताने आणि डार्ली या दोन पंडितांनी १९६८ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला एका खोलीत कागद भरायला बसवायचे आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडायचा. माणूस एकटा असला म्हणजे शंभरांत ७५ जण उठून बाहेर कळवीत. पण शेजारी दोन माणसे मुद्दाम ढिम्म बसवून ठेवली तर शंभरांत दहाच उठत. बाकीचे डोळे चोळीत, खोकत, कागद भरीत बसून राहत. ते काही दुष्ट नव्हते. धूर खरा असता तर त्यांचाही जीव जाणार होता! शेजारचा हलत नाही, अर्थी काही विशेष नसेल, असे प्रत्येकाने मनाशी ठरविले. आणि शेजारच्यानेही यांच्याकडे पाहूनच तसे ठरविले असते, ही त्यातली मौज. मौज कसली, शोकांतिका म्हणा.

हे शोधण्याची बुद्धी त्यांना १९६४ सालच्या एका खुनावरून झाली. न्यूयॉर्क शहरात रात्री एका तरुणीवर हल्ला झाला आणि अडतीस शेजारी पाहत राहिले, अशी बातमी वर्तमानपत्राने दिली. तो आकडा फुगविलेला होता हे पुढे उघड झाले. एक शेजारीण तर जिना उतरून धावत गेली होती आणि त्या मरणाऱ्या पोरीला कवटाळून बसली होती. छापणाऱ्याला अडतीस दिसले, ती एक दिसली नाही. असो.

आता माझे सांगतो. सांगायला लाज वाटते, परंतु वय साठीच्या पुढे गेले, आता लपवून कोणासाठी ठेवायचे?

पस्तीस एक वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात माझी सेवा होती. उतरायची व्यवस्था एका मातबर माळकऱ्याच्या वाड्यात होती. रात्री कंदिलाजवळ बसून दुसऱ्या दिवशीच्या निरूपणाची जुळणी करीत होतो. विषय हाच, द्रौपदी. पलीकडच्या भिंतीआड आवाज सुरू झाला. आधी पुरुषाच्या शिव्या, मग भांडे आपटल्याचा आवाज, मग बाईचे रडणे. मी लेखणी थांबविली. यजमानांकडे पाहिले. ते पान लावीत होते. म्हणाले, "रोजचंच हाय महाराज. तुमचं चालू द्या." मी चालू दिले! मनात म्हटले, परके गाव, परके घर, नवराबायकोची बाब. आपण आज आलो, परवा जाणार. एकदा मोठ्याने खोकलो मात्र. तेवढेच माझे धैर्य.

दुसऱ्या दिवशी कीर्तन फार रंगले. द्रौपदीने हाक मारली तेव्हा बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू येत होते. कीर्तन संपल्यावर माणसे पाया पडायला आली. त्यांत एक बाई होती, पदर डाव्या गालावरून घट्ट ओढलेला. वाकली तेव्हा पदर जरासा सरकला. मी पाहिले. तिनेही मी पाहिले हे पाहिले. आणि माझ्या तोंडून काय निघाले? अखंड सौभाग्यवती भव! सवयीने निघाले. ती उठली आणि निघून गेली. त्या गावावरून पुढे दोनदा गेलो. तिचे काय झाले, असे कोणाला विचारायचे मला धारिष्ट झाले नाही. कश्यपांच्या हिशेबातला माझा वाटा तेथे पडून आहे. सभेतल्या बाकीच्यांची गोष्ट मी इतकी वर्षे का टाळली, ते यावरून आपल्या ध्यानी येईल.

आम्हा शास्त्र शिकलेल्यांना एक जास्तीची सोय असते. गप्प बसायचे असेल तर आम्हाला त्यासाठी वचन सापडते. कोणी म्हणतो, तिचे प्रारब्ध. कोणी म्हणतो, साक्षीभावाने पाहावे. दोन्ही शब्द मोठे, पण वापर खोटा. प्रारब्धाचा विचार आपल्या वाट्याला आलेले दुःख सोसताना बळ यावे म्हणून आहे. दुसऱ्याच्या पाठीवर काठी पडत असता आपण मांडी घालून बसावे म्हणून तो नाही. काठी अडविणारा हातही तिच्या प्रारब्धातच असेल, हे यांना कोणी सांगितले? आणि साक्षीभाव म्हणजे काय? वेदान्तातला साक्षी आपल्याच मनाच्या वृत्ती पाहतो. माझा राग उठला, माझा लोभ उठला, मी त्याहून वेगळा आहे, असा तो पाहणारा. शेजाऱ्याच्या घरातली मारहाण पाहायला त्याला कोणी बसविलेले नाही. व्यवहारात साक्षी शब्दाचा अर्थ फार सरळ आहे : ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तो. आणि पाहून जो बोलत नाही, त्याला स्मृतिकारांनी दोषीच म्हटले आहे. साक्षीभावाची खरी कसोटी घ्यायची तर अशी घ्या, बरं का : आवाज ऐकून आपली छाती धडधडते, पाय जड होतात, लोक काय म्हणतील असे वाटते. त्या भीतीकडे साक्षीभावाने पाहा आणि जाऊन दार वाजवा.

मौनाची ही सवय घरापुरती राहत नाही. १ जुलै २०१८ हा दिवस घ्या. पालख्यांच्या प्रस्थानाला चार-पाच दिवस उरले होते, आपल्या दिंड्या शिधा बांधीत होत्या. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजार होता. तिथे भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना, मुले पळविणारी टोळी समजून, जमावाने मारून टाकले. मोबाईलवरून फिरणारी एक खोटी बातमी, एवढाच पुरावा. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेवर हिंडणारे. त्यांतले बहुतेक कुठले? मंगळवेढे तालुक्यातले. दामाजीपंतांचे मंगळवेढे, कान्होपात्रेचे मंगळवेढे, ज्या गावी भिंत बांधताना ती कोसळून चोखोबा गेले ते मंगळवेढे! मारणारे काही होते, पण बाजार भरलेला होता आणि कितीकांच्या हातांत त्या वेळी मोबाईल होता, चित्र घ्यायला.

त्याच दिवशी मालेगावात काय झाले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर माझे सांगणे अर्धवट राहील. तिथेही हीच अफवा होती. परभणीकडून आलेल्या एका कुटुंबाला जमावाने गाठले. बरोबर लहान मूल होते. वस्तीतल्या माणसांनी त्या कुटुंबाला ओढून एका घरात घेतले आणि दार लावले. बाहेर जमाव वाढत गेला, पोलिसांच्या गाड्यांवरही लोक धावून गेले, पण दार उघडले नाही. ते पाचही जण वाचले. अफवा तीच, महिना तोच, दिवसही तोच.

पण दुसऱ्यांच्या बाजाराकडे बोट दाखवताना आपण आपल्या महाद्वारात येऊन थांबले पाहिजे. नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. नामदेवरायांनी मंगळवेढ्याहून त्यांच्या अस्थी आणल्या आणि तिथे ठेवल्या, असे आपण भक्तीने सांगतो. शेकडो वर्षे आपले वाडवडील त्या समाधीला हात लावून, डोळे पुसून, आत गेले. आणि चोखोबांचे जातभाई त्याच समाधीपाशी उभे राहून कळसाला हात जोडीत होते. आत जाणाऱ्यांतल्या कितीकांनी मागे वळून पाहिले? ही माणसे निर्दय नव्हती. एकमेकांच्या पायांवर डोके ठेवणारी माणसे होती. धुराच्या खोलीत बसलेल्यांसारखीच. सगळे आत जात आहेत, अर्थी तसेच असायचे. मग पंढरीच्या वाटेवर एक साने गुरुजी उभे राहिले. आधी ते महाराष्ट्रभर गावोगाव बोलत हिंडले, आणि १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी देवळाचे दार सर्वांना उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. इथे साने गुरुजींच्या उपवासाइतकीच मला मठाची ओसरी महत्त्वाची वाटते. विरोध मोठा होता, आणि तशा वेळी एका मठाने त्यांना बसायला जागा दिली. मघाशी म्हटले ना, दुसऱ्या माणसाची वाण जास्त पडते.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, साने गुरुजी होणे आमच्याने होत नाही. नका होऊ. दारुड्याच्या हातातली काठी धरायला एकट्याने धावू नका, हेच मी पहिल्यांदा सांगेन. ज्यांनी याचे शास्त्र केले आहे तेही हेच सांगतात. प्रत्येकाने अंगावर जाण्याची गरज नसते. प्रसंग मोडणे पुरे असते. २००८ साली आपल्या देशात ब्रेकथ्रू नावाच्या संस्थेने ‘बेल बजाओ’ म्हणून एक चळवळ चालविली. शेजारच्या घरात मारहाण ऐकू आली तर दाराची घंटा वाजवायची. दार उघडले की विचारायचे, वाटीभर दूध मिळेल का? आमचा चेंडू इकडे आला का? दूध नको असते, चेंडूही हातातच असतो. उगारलेला हात तेवढ्यापुरता खाली येतो, आणि बाहेर कोणी तरी ऐकते आहे हे मारणाऱ्याला कळते. हे ऐकले आणि मी कपाळावर हात मारून घेतला. त्या रात्री मी नुसते "तांब्याभर पाणी मिळेल का माउली" म्हणून त्या दारात उभा राहिलो असतो तरी चालले असते!

ही युक्ती शिकायला संस्थेकडे जावेच लागते असेही नाही. मागे एका वारीत, दुपारच्या विसाव्याला, पंगतीत एक म्हातारा नव्याने येऊन बसला. कपडे मळके, गळ्यात माळ. शेजारच्याने त्याला गावआडनाव विचारले आणि मग म्हणाला, "तू तिकडं पलीकडं बस की." म्हातारा उठू लागला. आम्ही दहाबारा जण ऐकत होतो आणि ताटातला भात कालवीत होतो. मीही त्यांतच होतो. तेवढ्यात वाढणारी एक आजी आली. तिने कोणाला रागावले नाही, उपदेश केला नाही. म्हाताऱ्याच्या हातात आमटीची बादली दिली आणि म्हणाली, "बरं झालं उठलास दादा, माझा हात भरून आलाय. ही वळ तू वाढ." म्हाताऱ्याने वाढायला सुरुवात केली. त्या शेजाऱ्याच्या ताटातही वाढले. त्याने मान खाली घालून खाल्ले. मग आजीने म्हाताऱ्याला आपल्याजवळ बसवून जेवू घातले. या बाईला अक्षरओळख नाही.

कधी प्रसंग आपल्या आवाक्याबाहेरचा असतो. तिथे दुसऱ्याला बोलवावे : दिंडीत असाल तर विणेकऱ्याला, गावात असाल तर पोलीस पाटलाला, आणि कुठेही असाल तर ११२ या क्रमांकाला. स्त्रियांवरील घरगुती हिंसेचा २००५ सालचा कायदा असे सांगतो की, कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो आणि सद्भावनेने खबर देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. पुष्कळांना हे ठाऊक नसते, म्हणून कोर्टकचेरीच्या भयाने ते घरात बसतात. आणि कधी काहीच अडवता येत नाही. तेव्हा जटायू आठवा. म्हातारा पक्षी. रावणाला आधी तोंडाने समजावले, मग झुंजला, पंख तुटून पडला. सीता गेलीच. पण त्याने प्राण धरून ठेवले आणि रामाला सांगितले : रावणाने नेली, दक्षिणेकडे नेली. पुढचा शोध या साक्षीवर उभा राहिला. आपण जे पाहिले ते विचारणाऱ्याला खरेखुरे सांगावे. मोबाईलवर चित्र घेतले असेल तर ते ज्याच्यावर बेतले त्याच्या हाती द्यावे. गावभर फिरवू नये. आणि नंतर त्या माणसाकडे जाऊन बसावे. तुला काय हवे आहे, असे विचारावे. मी ठरविले आहे ते तू कर, असे म्हणू नये. तिचा संसार तिला ठाऊक असतो. पैठणला भर दुपारी गोदेच्या तापलेल्या वाळूत एक लेकरू रडत होते. अस्पृश्य मानलेल्या घरचे ते, म्हणून घाटावरच्यांनी ओवळ्याचे निमित्त केले. नाथांनी ते उचलले, त्याचे नाक पुसले आणि त्याला त्याच्या घरी पोहोचवून आले. घरी पोहोचवून आले, एवढे विसरू नका.

हे सगळे ऐकून येत नाही, त्याला तालीम लागते. पावली आपण ऐकून शिकलो का? म्हणून यंदा प्रस्थानाच्या आदल्या रात्री आमच्या दिंडीत मी तास दीड तास त्यासाठी काढला. एकाने दारुडा नवरा व्हायचे, एकीने शेजारीण. आधी सगळे हसत सुटले. नवरा व्हायला कोणी तयार होईना. शेवटी पखवाजी तयार झाला आणि इतका बेताल बोलू लागला की शेजारीण झालेली बाई खरोखरच गप्प झाली. मग तिला पुन्हा उभे केले. चौथ्या खेपेला तिच्या तोंडून धड वाक्य निघाले. तिथे मला कळले की त्या गावी माझी जीभ का उचलली नव्हती. वाक्य तयारच नव्हते.

वारीहून परतल्यावर आमच्या दिंडीतली एक बाई घरी आली. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलली. मग म्हणाली, "महाराज, आमच्या शेजारी बी तसंच हाय. काय निमित्त काढून जाऊ?" मी विचारले, तुम्ही एकमेकींकडे काय मागता? म्हणाली, "विरजण." म्हटले, तेच मागा, मी आणि माझी मंडळी कोपऱ्यावर उभी राहतो. त्या संध्याकाळी आवाज सुरू झाला तशी ती वाटी घेऊन गेली. दार उघडायला वेळ लागला. नवऱ्याने उघडले. आत गेली, विरजण घेऊन बाहेर आली, आणि जाताना त्या सुनेला म्हणाली, "उद्या वाटी द्यायला येते गं."

दुसऱ्या दिवशी वाटी परत द्यायला गेली तेव्हा दोघी ओट्यावर बराच वेळ बसल्या होत्या. मी लांबून पाहिले. वाटी तिने पुन्हा तिथेच विसरली आहे, असे तिने मला सांगितले. परवा ती आणायला जायची आहे.